संकेतस्थळाचा व्यवस्थापक

डॉक्टर काय करतो हे कुणाला सांगावे लागत नाही. वकील, शिंपी, फार काय, विमा एजंट काय करतो हेही लोकांना पक्के ठाऊक असते. म्हणून तर तो दिसताच ते रस्ता ओलांडतात. माझ्या धंद्याचे मात्र तसे नाही. "मी वेबसाइट मॅनेजर आहे" असे म्हटले की समोरच्याला त्यातला 'मॅनेजर' तेवढा ऐकू येतो. आमच्या मामांची तर ठाम समजूत आहे की मी बँकेत आहे. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर ते विचारतात, "काय रे, ठेवीवर हल्ली व्याज किती देता?" आता मीही आदल्या दिवशी वर्तमानपत्रात पाहून ठेवतो आणि सांगून टाकतो. मामा खूश, चकली खुसखुशीत!

एकदा वाटले, इंग्रजी शब्दामुळे घोटाळा होत असेल. मराठीत सांगून पाहावे. शेजारी संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना म्हटले, "सर, मी संकेतस्थळ व्यवस्थापक आहे." सरांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "संकेतस्थळ म्हणजे नायिका घरच्यांचा डोळा चुकवून नायकाला भेटायला जाते ती जागा. त्याची व्यवस्था तुम्ही पाहता?" मग आवाज खाली आणून, "घरी माहीत आहे?"

तर आता रीतसर सांगतो. मी एका कॉलेजची वेबसाइट सांभाळतो. लग्नघरात कोठीच्या खोलीची किल्ली कमरेला लावून बसलेली एक मावशी असते ना, तसे हे काम. तिचा फोटो अल्बममध्ये नसतो, आहेराच्या यादीत तिचे नाव नसते. पण ऐन मुहूर्ताला नारळ सापडला नाही की अख्खा मांडव तिच्या नावाने ओरडतो. वेबसाइट वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस चालली तर ती आपोआप चालते. उरलेल्या एका दिवशी बंद पडली, तर मी बंद पाडलेली असते.

रोजचे प्रश्नही नाजूक. संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो पहिल्या पानावर हवा. उपाध्यक्षांचा त्याहून लहान हवा. पण त्यांच्या लक्षात येण्याइतका लहान नको. एका सूचनेपुढे लाल अक्षरांत 'नवीन' असे लुकलुकते. त्या सूचनेला तीन पावसाळे झाले. काढू का विचारले, तर कार्यालयातून उत्तर आले, "राहू द्या हो, शोभा येते!"

आणखी एक गंमत. वेबसाइटचा पत्ता कायमचा विकत मिळत नाही, भाड्याने मिळतो. मुदत संपण्याआधी भाडे भरावे लागते. हे हिशेबखात्याला पटत नाही. "गेल्या वर्षी दिले होते ना?" असे ते घरमालकाला विचारावे तसे विचारतात. मग मी त्यांना मायक्रोसॉफ्टची गोष्ट सांगतो. डिसेंबर १९९९ मध्ये एवढी बलाढ्य कंपनी आपल्या एका पत्त्याचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि कित्येकांना हॉटमेलचे दार उघडेना. अखेर एका परक्या प्रोग्रामरने पदरचे पैसे भरले, तेव्हा गाडी रुळावर आली. "आपल्यासाठी असा परका कोण येणार?" असे मी विचारले की हिशेबखाते खिन्न होते आणि सही करते.

हा धंदा तसा कोवळा. जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी 'सर्न' या जिनिव्हाजवळच्या संशोधन संस्थेत तयार केली; १९९१ साली ती बाहेरच्यांना खुली झाली. ज्या संगणकावर ती होती, त्यावर लाल शाईत लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. म्हणजे पाहा, खरा धोका जाता जाता बटण दाबणाऱ्या माणसापासून आहे, हे त्या विद्वानाने सुरुवातीलाच ओळखले होते. वेबसाइट सांभाळण्याच्या शास्त्रातला मी हा आद्य ग्रंथ मानतो. पुढचे सगळे त्यावरचे भाष्य.

हल्ली तरुण मुले विचारतात, या लाइनीत यायला काय शिकावे? मी सांगतो, एचटीएमएल शिका, बॅकअप घ्यायला शिका आणि अध्यक्षांचा आडवा आलेला फोटो उभा करायला शिका. एवढ्यावर पोट भरते. पण आणखी एक गोष्ट आहे, ती मला एका फोनने शिकवली.

आमच्याकडे सूचना टाइप होते, छापली जाते, तिच्यावर सही-शिक्का होतो. मग मोबाइलवर तिचा फोटो काढतात आणि तो माझ्याकडे येतो. "टाका वेबसाइटवर!" कधीकधी कोपऱ्यात चहाचा कपही येतो. एके दिवशी एका विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, मला दिसत नाही. माझा मोबाइल मला सगळे वाचून दाखवतो. तुमच्या शिष्यवृत्तीच्या सूचनेपाशी आला की नुसताच 'इमेज' म्हणतो आणि गप्प बसतो. शेवटची तारीख काय आहे?"

तारीख दोन दिवसांवर होती. ती मी सांगितली आणि तसाच कार्यालयात गेलो. "सूचना अक्षरांत द्या," म्हटले. "सही दिसायला हवी," ते म्हणाले. "सहीचा फोटो खाली ठेवू, अक्षरे वर." "असे आजवर केलेले नाही." हा संवाद चार वाजेपर्यंत चालला. शेवटी त्यांना घरी जायचे होते आणि मला नव्हते, म्हणून मी जिंकलो. टाइप केलेली मूळ प्रत मिळाली, ती जशीच्या तशी वेबसाइटवर चढवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचा फोन. "सर, वाचली. अर्ज भरला." मला बरे वाटले. एवढ्यात ती म्हणाली, "पण कार्यालयाने शेवटून दुसऱ्या ओळीत 'शिषवृत्ती' लिहिलंय. माझा फोन अडखळतो तिथं."

मी उठून पाहिले. खरेच होते. आमच्या कॉलेजची सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी ती बहुधा पहिलीच.