एका तव्यातला हॅश

प्रोग्रामर माणसाला हॅश म्हटलं की टेबल आठवतं, आणि ते जेवणाचं नव्हे. कुठलाही डेटा घ्यायचा, तुकडे करायचे, कालवायचे आणि ठरावीक लांबीचा एक आकडा बाहेर काढायचा. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी जानेवारी १९५३ मध्ये हापिसातल्या एका टिपणात ही कल्पना मांडली होती. नाव मात्र थेट स्वयंपाकघरातून आलंय. फ्रेंचमध्ये 'आशे' म्हणजे बारीक चिरणं, त्याचं इंग्रजीत झालं हॅश. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने १६६३ च्या जानेवारीत पाहुण्यांना सशाचा हॅश वाढल्याचं रोजनिशीत लिहून ठेवलंय. म्हणजे लूनसाहेबांच्या २९० वर्षं आधी!

मी तो पहिल्यांदा खाल्ला २००७ साली, न्यू जर्सीत ऑनसाइट असताना, शनिवारी सकाळी एका डायनरमध्ये. मूळचा कॉर्न्ड बीफचा, मी टर्कीवाला घेतला होता. (कॉर्न्डचा मक्याशी काही संबंध नाही बरं का. मिठाच्या जाड खड्यांना तिकडे पूर्वी 'कॉर्न' म्हणत.) उरलेलं मांस, बटाटा, कांदा, वर एक अंडं. मुळात ही काटकसरीची सोय. स्वीडनमध्ये यालाच पिट्टीपाना म्हणतात आणि सोबत बिटाचं लोणचं घेतात. आपली फोडणीची पोळी आणि फोडणीचा भातही याच खानदानातले.

असो. हे सगळं आत्ता आठवायचं कारण बाबा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आई गेली. बाबा ७४ वर्षांचे, साताऱ्यात एकटे. पुण्याला यायचं नाव काढलं की म्हणतात, "तिथे येऊन काय करू? तुझ्या लिफ्टमधून वरखाली?" डबा लावला, तर अर्धा डबा परत जायचा. मार्चपर्यंत वजन ६ किलोंनी उतरलं. ताई रोज नाशिकहून फोनवर रडायची. मी दर वीकांताला ११० किलोमीटर गाडी हाणत जायचो, फ्रीज भरून यायचो, आणि पुढच्या शनिवारी तो फ्रीज तसाच भरलेला दिसायचा. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, जेवत नाहीत एवढंच.

शेवटी त्यांनाच विचारलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, एकट्याला जेवायचं म्हणजे चार भांडी. भाजी एकीकडे, आमटी एकीकडे. गरम करा, घासा. कुणासाठी?"

'कुणासाठी'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार भांड्यांना होतं.

आमच्याकडे मटण आणणं हे खातं कायम बाबांचं, शिजवणं आईचं. रविवारी मी कुकर लावतो. हळद, मीठ, आलं-लसूण घालून मटण शिजवलं की वरचं अळणी बाबा वाटीने पितात. त्यातलेच सहा-सात तुकडे मसाला पडायच्या आधी बाजूला काढले, हाडं सोडवली आणि फ्रीजमध्ये ठेवले. सोबत दोन उकडलेले बटाटे, सालासकट. म्हटलं, उद्या तुम्ही करायचं. बाबा म्हणाले, "उद्या नको, सोमवार आहे." सोमवार आई पाळायची, बाबा कधीच नाही. मी काही बोललो नाही. मंगळवार ठरला, आणि मी त्या आठवड्यात दोन दिवस साताऱ्यातूनच लॉगिन केलं.

बटाटा आदल्या दिवशीचा आणि गारच हवा. फ्रीजमध्ये त्याचा स्टार्च घट्ट होतो, सालाखालचा ओलावाही कमी होतो. गरम बटाटा चिरायला गेलात तर भरीत होतं. फोडी अर्ध्या इंचाच्या, मटणाचे तुकडेही तेवढेच. आमच्या धंद्यातल्या हॅशवरून मूळ मजकूर ओळखता येऊ नये अशी अपेक्षा असते. तव्यातल्या हॅशमध्ये मात्र प्रत्येक तुकडा ओळखू आला पाहिजे, नाहीतर तो खिमाच.

तवा आईचा, धिरड्यांचा, बिडाचा. वजन दोन किलोंच्या घरात. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की गार बटाटा पडला तरी हबकत नाही. पातळ नॉनस्टिक लगेच मान टाकतं. दोन चमचे तेल, मग बटाट्याच्या फोडी, एकच थर. आणि आता पाच मिनिटं हात लावायचा नाही!

सगळी मेख इथेच आहे. फोडीच्या अंगावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांपुढे सरकत नाही, आणि खरपूस रंग धरायला साधारण १४० लागतात. लुई-कामीय मायार या फ्रेंच माणसाने १९१२ साली साखर आणि अमिनो आम्लांची ही प्रक्रिया मांडली. सारखं ढवळलं किंवा तवा गच्च भरला की वाफ कोंडते आणि बटाटा नुसता शिजत राहतो. मी हे लेक्चर देत होतो तेवढ्यात बाबा म्हणाले, "कळलं रे. ओल्या काँक्रीटवर कुणी पाय देतं का?" पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढलेला माणूस. मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत उभे राहिले. माझाच हात उलथन्याकडे जात होता, तर मला स्वयंपाकघराबाहेर काढलं :)

पाच मिनिटांनी फोडी उलटल्या. मग कांदा, ढोबळी मिरची, एक हिरवी मिरची. मटण आधीच शिजलेलं, म्हणून सगळ्यात शेवटी. उलथन्याने थोडं दाबून पुन्हा तीन मिनिटं तसंच. मग दोन खळगे करून दोन अंडी फोडली, मीठ-मिरपूड, दोन मिनिटं झाकण. तवा जड, त्यांनी उचलायचाच नाही, शेगडीवरूनच ताटात वाढून घ्यायचं. बाबांनी तळाची खरवडसुद्धा काढून खाल्ली. आईनंतर त्यांना ताट पुसून जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता मंगळवारी मटणाचा आणि शुक्रवारी नुसता भाज्या-अंड्याचा, असं आठवड्यातून दोनदा चालतं. मधल्या दिवसांचा डबा अजून सुरू आहे, आणि तो अजूनही कधीकधी अर्धा परत जातो. जूनअखेर वजन दोन किलो वाढलं होतं. मध्ये एका शुक्रवारी भर मीटिंगमध्ये फोन. "कोबी घातला. पाणी सुटलं."

"कोबी आधी एकटाच परता, आणि काढून ठेवा."

"काढून कशात? म्हणजे आणखी एक भांडं?"

"जेवायच्या ताटात काढा की, बाबा."

"हं." फोन बंद.

काल म्हणाले, या रविवारी अर्ध्याऐवजी पाऊण किलो मटण सांगून ठेवलंय, मंगळवारी शेजारच्या काकांनाही बोलावलंय. तव्यात दोघांचं एकदम मावणार नाही, दोन खेपा कराव्या लागतील, हेही मी सांगायच्या आधी त्यांनीच मला सांगितलं.