भाऊबंद, पण भाऊबंदकी नव्हे

पनवेलमधल्या एका वर्गात इतिहासाच्या तासाला एका मुलाने विचारलं, ‘फ्रॅटर्निटीला मराठीत काय म्हणायचं?’ दारावर ग्रीक अक्षरं लावलेली घरं आणि आतला धिंगाणा त्याने हॉलिवूडच्या सिनेमांत पाहिला होता. मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘भाऊबंदकी!’ वर्ग हसला. शब्द तसा जवळचाच, पण मराठी माणसाने तो शेताच्या बांधावरच्या भांडणापर्यंत नेऊन ठेवला आहे. वसतिगृहांच्या इतिहासात बरीच वर्षं घालवलेल्या प्रस्तुत लेखकाला मात्र तिसराच शब्द आठवला: बोर्डिंग.

सिनेमातला धिंगाणा बाजूला ठेवला तर मूळ गोष्ट साधी आहे. गावाकडून आलेल्या मुलाला शहरातले लोक आपल्यात घेत नाहीत, तेव्हा त्याच्यासारखीच मुलं एकत्र येऊन आपलं घर थाटतात. अमेरिकेत १८८०नंतरच्या चार दशकांत सुमारे ४० लाख इटालियन येऊन थडकले. स्वागत कसं झालं? न्यू ऑर्लिन्समध्ये १८९१ साली जमावाने ११ इटालियनांना ठार मारलं. त्यांची पुढची पिढी कॉलेजात पोहोचली, तेव्हा कित्येक जुन्या फ्रॅटर्निटींत, म्हणजे विद्यार्थी-मंडळांत, ज्यू, काळे, कॅथलिक यांना मज्जाव होता. ज्यू मुलांनी १८९८ साली, तर कॉर्नेलच्या काळ्या मुलांनी १९०६ साली स्वतःचं मंडळ काढलं. सिरॅक्यूज विद्यापीठातल्या इटालियन वंशाच्या मुलांनी ५ नोव्हेंबर १९१४ रोजी ‘अल्फा फाय डेल्टा’ स्थापन केलं. त्याआधी त्यांचं ‘इल सिर्कोलो इतालियानो’ नावाचं मंडळ होतं. ते नाव सोडून त्यांनी ग्रीक अक्षरं घेतली, यातच सारं आलं. ज्यांनी दार लावलं, त्यांच्याच दारावरच्या पाटीसारखी पाटी आपल्याही दारावर हवी होती.

कोल्हापुरात तोवर हा खेळ बराच पुढे गेला होता.

शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहं काढली, एवढंच शाळेत शिकवलं जातं. त्याआधीची गोष्ट गळते. १८९६ साली त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं. काही वर्षांतच तिथे जवळपास ब्राह्मण मुलंच उरली. दार सगळ्यांना उघडं ठेवलं, तरी आत कोण टिकणार हे स्वयंपाकघर, पंगत आणि देखरेख करणारा माणूस यांवर ठरतं, हे महाराजांना तिथे उमगलं असावं. मग त्यांनी वाट बदलली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. पुढे लिंगायत आणि मुस्लिम मुलांची सोय झाली. मुस्लिमांच्या शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडलं; नाव मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं. दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती, वैश्य अशी यादी वाढतच गेली. आजही दसरा चौकात उभं राहिलं की यातल्या काही इमारती हाकेच्या अंतरावर दिसतात.

अमेरिकन मंडळांत नव्या मुलाला आत घेताना गुप्त विधी असतात. आपल्याकडे विधी उघड होते: सोवळं आणि आंघोळ. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्‌घाटनाला जैन बोर्डिंगातला कुंभोजचा एक दांडगा मुलगा गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून मगच आत ये, असं सांगण्यात आलं. त्याने साफ नकार दिला. अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्याला बोर्डिंगातून काढलं. लठ्ठे काही जुनाट वळणाचे गृहस्थ नव्हते. पुढे शाहू महाराजांचं चरित्र त्यांनीच लिहिलं. तरीही नियम तो नियम. तो मुलगा काही काळ महाराजांच्याच आश्रयाला राहिला. त्याचं नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

जातीच्या बोर्डिंगाने त्याला शिकायला जागा दिली आणि त्याच बोर्डिंगाने त्याला बाहेर काढलं. भाऊराव दोन्ही विसरले नाहीत. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. इथे सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहत, पाळीने भाकऱ्या थापत, एका पंगतीला बसत. दारोदार मूठ-मूठ धान्य मागून मुष्टिफंड जमवला जाई. तेही पुरेना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचं नामकरण झालं: श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झालेले बॅरिस्टर पी. जी. पाटील याच बोर्डिंगात वाढले.

भाऊरावांनी महाराजांचं नाव दिलं, पण घडी वेगळी घातली. दोघांत विरोध शोधणाऱ्यांशी प्रस्तुत लेखकाचं जमत नाही. १८९६च्या वसतिगृहात जी पंगत मोडली, ती १९२४ साली बसली. मधल्या वर्षांत जातवार बोर्डिंगांतून शिकलेली पिढी तयार झाली होती, म्हणून ती बसली. मात्र एकत्र पंगतीची वेळ सगळीकडे आली नव्हती. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात अस्पृश्य मुलांसाठी वेगळं वसतिगृह काढलं, तेही गरजेपोटीच.

‘अल्फा फाय डेल्टा’ने इटालियन वंशाची अट सोडली ती १९६०च्या दशकात, म्हणजे पन्नासेक वर्षांनी. तोवर इटालियन आडनावं महापौर, न्यायाधीश, बँकर होऊन बसली होती. दार उघडायला त्यांना आता काहीच किंमत मोजावी लागत नव्हती. भाऊरावांनी उघडलं तेव्हा घरातलं सोनं गेलं. आणि हे चक्र थांबलेलं नाही: १९९८ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या विद्यापीठात दक्षिण आशियाई मुलांनी ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ काढलं. अमेरिकेत वाढलेल्या एखाद्या देशपांडे-पाटलाच्या मुलालाही तिथे आता जागा आहे.

पनवेलचं महात्मा फुले महाविद्यालय १९७० साली निघालं, ते याच रयतचं. संस्थेच्या बोधचिन्हावर वडाचं झाड आहे. आज खारघर, नवीन पनवेलकडे आलेली बाहेरगावची बरीच मुलं पेइंग गेस्ट म्हणून खोल्या घेतात. तिथे नियम भाड्याचा. पण घर दाखवण्याआधी आडनाव विचारणारे मालक अजून भेटतात.

वाचकांपैकी कोणी, किंवा घरातल्या कोणी वडीलधाऱ्यांनी, बोर्डिंगात दिवस काढले असतील तर एक विनंती. कपाटातले जुने फोटो, हजेरीपत्रकं, स्मरणिका रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने नावं आणि साल लिहून ठेवा. आणि त्या वर्षी भाकऱ्यांची पाळी कशी लावली होती, तेही आठवत असेल तर लिहा.