बिनमाशाचं तळं

घाटावरचं पोर मत्स्यविज्ञान शिकायला निघालं म्हटल्यावर गावाला हसू येणारच. बुलढाणा कुठे, समुद्र कुठे! "मासे धरायला कालेज कशाला लागतं रे बाबू? भोयाच्या पोराला कोणी शिकवलं?" आजोबांचा हा सवाल मला आजही वावगा वाटत नाही. त्यातून आमचं गाव लोणारजवळचं. जवळजवळ सव्वा किलोमीटर रुंदीचं तळं पायथ्याशी, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची त्याची ओळख बिनमाशाचं म्हणून.

नागपूरच्या महाविद्यालयात बी.एफ.एस्सी.ला गेलो तेव्हा वाटलं होतं, पहिल्या दिवसापासून मासेच मासे. हाती आलं ते नुसतं पाणी. त्याचा सामू काढा, क्षारता काढा, त्यात विरघळलेला प्राणवायू मोजा. सुरुवातीला कंटाळा आला. मग हळूहळू सुट्टीत लोणारचा उतार उतरताना तेच तळं वेगळं दिसायला लागलं. त्याचा सामू दहाच्या आसपास, हे लहानपणीच कानावर पडलेलं. त्यात काय अडतं ते आता उमगलं. मासा अंगात तयार होणारा अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात सोडत असतो. पाणी इतकं अल्कधर्मी असलं की तो बाहेर पडेनासा होतो. मासा मरतो तो अंगातच साचलेल्या विषानं. आणि त्याच पाण्यात सूक्ष्म शेवाळी सुखानं वाढते, रोहित पक्षी उतरतात. शाप कोणाला, वरदान कोणाला!

तळ्याकाठच्या कमळजादेवीजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीत एका अंगाला गोड, दुसऱ्या अंगाला खारं पाणी, असं बायका सांगतात. सामूचा कागद बुडवून बघायची फार इच्छा व्हायची. पण देवीच्या विहिरीची परीक्षा घेतली असं घरी कळलं असतं, तर जेवण मिळालं नसतं. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा मात्र साऱ्या गावाला माझी आठवण झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्यात खारट पाण्यात रमणारे सूक्ष्मजीव दाखवले. त्याच वर्षी तळ्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला.

मासे शेवटी भेटलेच, भर पावसात, मत्स्यबीजकेंद्रावर. रोहू-कटला साठलेल्या तळ्यात पोटात अंडी धरतात, पण सोडत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून ही अडचण सोडवली. आता गोल टाकीत पाणी फिरवत ठेवतात, सांजेला इंजेक्शन देतात आणि रात्रभर जागतात. पेनटाकळीच्या नाहीतर नळगंगेच्या धरणात जाळ्यात येणारा रोहू बहुधा अशाच एखाद्या टाकीत जन्मलेला असतो. कोणीतरी डबा उपडा करून त्याला बोटाएवढा असताना धरणात सोडलेलं असतं.