पेराएवढी माणसे

आगगाडीची प्रतिकृती करावयाची म्हणजे रूळ जोडावयाचे आणि इंजिन पळवावयाचे, असा पुष्कळांचा समज असतो. रूळ सुट्टीच्या चार दिवसांत जोडून होतात. विजेच्या तारांचे काम जाणत्या माणसाकडून आठवड्यात शिकून घेता येते. परंतु त्या फळीवर माणसे कोणती उभी करावयाची आणि जनावरे कोणती बांधावयाची, हा प्रश्न पुढे आला की महिनेच्या महिने निघून जातात. माझे सबंध वर्ष त्यात गेले, आणि ते मला मुळीच जास्त वाटत नाही.

मराठी घरांतील मुलांना या कामाचे थोडेसे बाळकडू मिळालेले असते. दिवाळीत आपण अंगणात मातीचा किल्ला करतो. त्या किल्ल्यावर महाराज सिंहासनावर बसले तरी बुरुजाहून उंच दिसतात, पहाऱ्यावरचा मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नाही, आणि पायथ्याशी चरणारी गाय वाघाच्या दुप्पट असते. यात कोणाला काही खटकत नाही, आणि खटकूही नये. तेथे आकार मानाप्रमाणे ठरतो. आगगाडीच्या फळीवर मात्र मापाचे राज्य असते. मी पत्करलेले माप 'एचओ' या नावाने ओळखले जाते. त्यात प्रत्येक वस्तू मुळाच्या ८७ व्या हिश्श्याची असते. साडेपाच फुटांचा मनुष्य या हिशेबाने १९ मिलिमीटरांचा होतो, म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही लहान. ७६ व्या हिश्श्याचे दुसरे एक माप आहे. त्यातील तसाच मनुष्य २२ मिलिमीटर भरतो. तीन मिलिमीटर ते काय, असे वाटेल. पण ही दोन माणसे शेजारी उभी करून पाहा : दुसरा एकदम सव्वासहा फुटांचा पहिलवान दिसू लागतो.

आणखी एक हिशेब मला फार उपयोगी पडला. फळीपासून दोन फुटांवरून पाहणारा मनुष्य, मापाच्या भाषेत, सुमारे १७० फुटांवर उभा असतो. इतक्या अंतरावरून कोणाच्या सदऱ्याची बटणे दिसतात? नाकडोळेही दिसत नाहीत. दिसते ती खांद्यांची ठेवण, डोक्यावरचे पागोटे आणि कपड्यांचा रंग. तोही उन्हाने विटलेला. म्हणून बाजारी बाहुल्यांचा चकचकीत लाल-निळा रंग पहिल्याने खरवडून काढला पाहिजे.

आता माझी फळी कोणत्या गावची, ते सांगतो. बडोद्यापासून दक्षिणेस मुंबईच्या मार्गावर मियागाम हे स्टेशन आहे. खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोईहून मियागामच्या बाजूने अडीच फूट रुंदीचा रूळ टाकण्यात आला. हिंदुस्थानातील हा पहिला नॅरोगेज रूळ. त्यावरील गाड्या ओढीत असत बैल! १८६३ मध्ये विलायतेहून इंजिन आले, पण त्या हलक्या रुळांना त्याचा भार पेलेना, आणि बैलांचे काम पुढेही चालू राहिले. जड रूळ घालून मार्ग पुन्हा उघडला तो १८७३ मध्ये. मियागाम येथे ही चिमुकली गाडी बी. बी. अँड सी. आय. कंपनीच्या मोठ्या, साडेपाच फुटी रुळांना भेटे. रुंदी निराळी असल्यामुळे डबे पुढे जाऊ शकत नसत. माल उतरवून पुन्हा भरावा लागे. तो काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा, १८६१ ते १८६५ चा. तिकडचा कापूस अडून राहिल्यामुळे आपल्याकडील कापसाला सोन्याचे दिवस आले होते. सभोवार काळी जमीन आणि कापसाची शेते. म्हणजे या जागी हमाल पाहिजेत, गासड्या पाहिजेत, आणि बैल तर पाहिजेतच. शोभेसाठी माणसे पेरण्याचा येथे प्रश्नच नव्हता. रुळांच्या दोन रुंदींनीच त्यांना तेथे बोलावून घेतले होते.

(जाता जाता सांगतो : ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे. तीत एकही माणूस नाही, आणि नको तेच बरे. तिचे उतारू मेजाभोवती बसलेले असत!)

बैलांनी मला जेवढे छळले तेवढे कोणी छळले नाही. जर्मनीत अशा आकृती फार नाजूक होतात. पण तिकडची गाय काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, पाठीने सपाट, वशिंड नाही, गळ्याखाली लोंबणारी पोळी नाही. तिला मियागामला बांधली तर ती आगबोटीतून आत्ताच उतरल्यासारखी दिसेल. गुजरातेतला बैल म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे कांकरेज उभा राहतो : राखी रंगाचा, छातीने भरदार, आणि मुळाशी जाड होऊन बाहेर व वर वळलेली ती ऐटदार शिंगे. मी बसलेल्या गाई निवडल्या, त्यांच्या खांद्यावर एम-सीलच्या लगद्याचे वशिंड बसवले, तांब्याच्या बारीक तारेची शिंगे केली आणि वर राखी रंगाचे तीन हात दिले. पहिल्या चार बैलांची वशिंडे उंटासारखी झाली होती. पाचव्यापासून हात बसला.

बसलेलेच बैल का, हे शाळेच्या प्रदर्शनात मला पुष्कळांनी विचारले. "बैल गाडी ओढताना दाखव ना!" असा मित्रांचा आग्रह होता. डब्याखाली मोटार लपवून गाडी चालवता आली असती, हे खरे. पण मग बैलांचे पाय न हलता ते जमिनीवरून घसरत गेले असते, आणि ती मौज सर्कशीतली झाली असती. मोठ्या रुळांवरील गाडी माझ्या फळीवर फिरते. छोटी गाडी उभी आहे, जू उतरवलेले आहे, आणि बैल कडब्याशेजारी रवंथ करीत बसले आहेत. रवंथ करणारा बैल तासन् तास तसाच दिसतो. त्याच्याकडे कितीही वेळ पाहा, तो खोटा ठरत नाही.

माणसांनाही मी हाच नियम लावला. आकृतींच्या पेट्यांत धावणारे, हात हलवणारे, चेंडू फेकणारे लोक पुष्कळ असतात, आणि प्रथमदर्शनी तेच मनात भरतात. परंतु धावणाऱ्या माणसाचा एक पाय हवेत असतो. गाडी वीस वेळा फिरून आली तरी तो पाय हवेतच! त्यापेक्षा वाट पाहणारा, टेकलेला, ओझे खाली ठेवून कमरेवर हात दिलेला मनुष्य किती तरी जिवंत वाटतो. माझे दोन हमाल गासडीला पाठ लावून बसले आहेत, तिसरा पागोट्याच्या शेवटाने मान पुशीत आहे. रंग न दिलेल्या स्वस्त आकृत्या शेकड्याने मिळतात, त्या मी घेतल्या. त्यांचे विलायती कोट पातीने तासले आणि गोंदाच्या पाण्यात भिजवलेल्या पातळ कागदाची धोतरे व लुगडी नेसवली. त्यांना सारख्या अंतरावर मात्र ठेवू नये. माणसे सावलीत गोळा होतात, आणि उन्हात मोकळी जागा पडते. माझ्या फलाटाचा अर्धा भाग रिकामा आहे.

सगळे उभे राहिले तेव्हा आजीने चष्मा पुसून पाहिले.

"माणसं छान झालीत रे. पण यांत आपलं कोण?"

"आजी, हे गुजरातेतलं स्टेशन. लोक इथलेच असणार ना!"

"मग आपण कुठले? गाडी गायकवाड सरकारची म्हणतोस. तिचा जमाखर्च कोण लिहीत होतं?"

या प्रश्नावर मी दोन दिवस घालवले. बडोद्याच्या दप्तरात त्या काळी मोडी चाले, हे मला ठाऊक होते. तेव्हा एक मराठी कारकून तेथे असणे अगदी रास्त. आजीची इच्छा त्याला फलाटाच्या मध्यावर उभा करण्याची होती. मी त्याला गासड्यांच्या कडेला ठेवला, कारण काम तेथे होते. त्याची पगडी मुगाच्या डाळीहून लहान आहे, काखेत तांबड्या रुमालात बांधलेले दप्तर आहे, आणि उंची हमालाएवढीच १९ मिलिमीटर आहे. आजीला जागा पसंत पडली नाही. "कोपऱ्यात घातलास," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "बरं, या बैलांना पाणी कोण पाजतं?" त्यावरून दगडी हौद आला, आणि हौदाशी पखाल घेतलेला भिस्ती आला. साऱ्या फळीवर मला सर्वांत आवडणारी आकृती तीच. पखालीच्या भाराने त्याची पाठ किंचित वाकलेली आहे, आणि हे वाकणे मला केवळ एका घाशीत साधले.

२०२१ साली डभोईवरून जाणारा प्रतापनगर-केवडिया मार्ग ब्रॉडगेजचा होऊन सुरू झाला. तेथे आता विजेची इंजिने धावतात.

विलायती पेटीतील एकच आकृती मी जशीच्या तशी ठेवली आहे. डोक्यावर हॅट, एक हात खिशात, मान खाली. त्याला मी यार्डाच्या टोकाला उभा केला. हा इंजिनियर साहेब. तो त्या हलक्या रुळांकडे पाहत आहे, आणि त्याच्या पाठीमागे बैल बसले आहेत.