मुळेकाठच्या हौदातले मासे

नांद्यात डिसेंबरातली पहाट बोचरी असते. मुळा नदीच्या बाजूने धुकं सरकत येतं आणि ओट्यावरच्या हौदात हात घातला की बोटं बधिर होतात. मे महिन्यात दुपारी दोन वाजता तेच पाणी कोमट झालेलं असतं. उघड्यावर मासे पाळायचे तर या दोन्ही टोकांना पुरून उरणारा जीव हवा. दुकानात थंड पाण्याचा मासा म्हणून गोल्डफिश पुढे करतात. थंडी तो मजेत काढतो. पण आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाळ्याची असते.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम, 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. आणि नेमकी त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. गोल्डफिश खादाड, घाणही भरपूर करणारा. लहान टबात तो मे महिन्यात पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत राहतो. बघवत नाही ते. गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे, फुगीर डोळ्यांचे प्रकार तर उघड्यावर ठेवूच नयेत. हौस दांडगी असेल तर सडपातळ, एकेरी शेपटीचा कॉमेट घ्यावा आणि त्याला खोल, ऐसपैस हौद द्यावा. कोई मात्र तळ्यातच शोभतो.

माझा जीव जडला आहे तो झेब्र्यावर. जेमतेम दीड इंचाचा मासा, अंगावर निळे पट्टे, क्षणभर एका जागी ठरत नाही. हॅमिल्टन यांनी 1822 साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. उथळ ओढे, भातखाचरं हे त्याचं घर, त्यामुळे ऊन आणि गारवा दोन्ही त्याच्या अंगवळणी पडलेले. 38 अंशांपर्यंत तापलेल्या पाण्यातही रानातला झेब्रा आढळला आहे. दुखावलेलं हृदय तो पुन्हा घडवतो, म्हणून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याचा अभ्यास चालतो. एवढ्याशा देहात केवढी जिद्द! एकटादुकटा मात्र ठेवू नका, सात-आठांचा थवा हवा. डासांच्या अळ्या तो आवडीने टिपतो.

दुसरा पिकू. हा पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहतो आणि त्याच्या डोक्यावर एक चकाकता ठिपका असतो. काचेच्या टाकीत आपण मासा बाजूने बघतो, हौदात वरून. त्या ठिपक्याचं सुख हौदवाल्यालाच. मात्र पिकू उड्या मारतो आणि लहान पिल्लं गिळतो. हौदावर जाळी हवीच. ती खंड्या आणि वंचकाच्या नजरेपासूनही मासे वाचवते.

हौद उथळ नको, निदान दीड फूट खोल असावा, आणि दुपारचं ऊन त्याच्यावर थेट पडू नये. नव्या सिमेंटच्या हौदातला चुना उतरेपर्यंत पाणी भरून ओतून द्यावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं, म्हणून ते आधी उडू द्यावं. एका कोपऱ्यात कुमुद लावलं की सावलीची सोय झाली.

आमच्या मुळशी तालुक्यातला पाऊस हौद ओसंडवून टाकतो, आणि ओसंडलेलं पाणी मासे घेऊन नाल्याला, तिथून मुळेला जातं. म्हणून सांडव्याच्या भोकालाही बारीक जाळी बसवा. या नदीतल्या माशांकडे अभ्यासकांचं लक्ष जुनं आहे: फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी 1942 मध्ये छापली, वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेची 2003 मध्ये. परके मासे आले की अशा यादीतल्या मूळ रहिवाशांवर गदा येते. डास मारण्यासाठी 1928 च्या सुमारास भारतात आणलेला गंबुसिया देशी माशांची अंडी-पिल्लं खातो. टाक्यांमधून सुटलेला सकर मासा आज उजनी धरणात कोळ्यांची जाळी फाडतो, आणि नांद्याचं पाणी शेवटी भीमेतून उजनीलाच पोचतं.

तेव्हा मासे घ्यायचे ते पैदास केलेले घ्या, ओढ्यातून धरून आणू नका. नको झाले तर दुकानदाराला परत द्या, शेजाऱ्याला द्या. नदीत मात्र एकही सोडू नका.