चित्रामागची भिंत

मलेशियातल्या पेनांगच्या जॉर्जटाऊनमध्ये आर्मेनियन स्ट्रीटवर एका भिंतीसमोर कायम गर्दी. भिंतीवर दोन भावंडं रंगवलेली आहेत, सायकल मात्र खरी, भिंतीला जखडलेली. ताई पुढे, धाकटा मागे तिला बिलगलेला. लिथुआनियाच्या अर्नेस्ट झखारेविचने २०१२ साली, जॉर्जटाऊन महोत्सवाच्या निमित्ताने हे चित्र काढलं. लोक येतात, हँडलला हात लावून फोटो काढतात आणि पुढच्या चित्राकडे पळतात.

चित्र झकासच आहे. पण मी रमलो ते त्या गल्लीतल्या भिंतींत. गिलाव्याचे पोपडे सुटलेले. निळ्याखाली पिवळा थर, त्याखाली लाल वीट. बोट फिरवलं की चुना पिठासारखा लागतो. चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतली ओल वर चढते आणि वाऱ्यावर उडून जाते. तिच्यावर सिमेंट लिंपलं किंवा प्लास्टिकचा रंग फासला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, पापुद्रे गळतात. चित्र विटलं म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा भिंतीची बाजूही ऐकावी.

घरं अशी की खाली दुकान, वर बिऱ्हाड. तोंड अरुंद, आत मात्र लांबच लांब, मध्ये आभाळाला उघडा चौक. वाड्यात वाढलेल्याला तो परका वाटायचा नाही. दारापुढे छपराखालची वाट घराघरांपुढून जाते, त्यामुळे ऊन-पाऊस चुकवत गल्ली पार करता येते. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटने इथे इंग्रजांचं ठाणं वसवलं. मग चिनी, तमिळ, अरब, आर्मेनियन असे सगळे व्यापारी गलबतांमागून आले. एकाच रस्त्याच्या आसपास चर्च, चिनी देऊळ, मारिअम्मनचं मंदिर आणि कपितान केलिंग मशीद आहे, ती या सरमिसळ वस्तीचीच खूण.

ही घरं टिकली त्यात गोठलेल्या भाड्यांचा मोठा हात. २००० साली भाडेनियंत्रण उठलं, भाडी भडकली आणि कित्येक जुनी कुटुंबं, कारागीर बाहेर पडले. पागडीच्या खोलीत राहणाऱ्या मुंबईकराला यातली मेख समजावून सांगायला नको. २००८ मध्ये युनेस्कोची मोहोर उमटली, मग कॅफे आले, हॉटेलं आली. कोपऱ्याकोपऱ्यावर लोखंडी सळ्या वाकवून केलेली व्यंगचित्रं दिसतात. कुठल्या गल्लीत कोणता धंदा चालायचा ते ती मिश्कीलपणे सांगतात. एका चित्रात पुढे बुटांसाठी जगभर नावाजलेला जिमी चू आहे, कारण तो याच भागात बूट शिवायला शिकला. व्यंगचित्र बघून हसू येतं, पण बूट शिवणारा शोधायला गेलं तर पायपीट होते. मला हे खुपतं.

तिकडे गेलात तर सायकलपाशी फोटो जरूर काढा. मग गर्दीतून निघून आतल्या गल्लीत शिरा. एखाद्या दारात अजून कुणी टोपली विणत किंवा उदबत्ती वळत बसलेला दिसला, तर त्याच्याकडून काहीतरी विकत घ्या. त्याला महिन्याचं भाडं भरायचं असतं.