खाज, करडईचे तेल आणि कुंडीतला अ‍ॅव्होकॅडो

दिवाळी सरली आणि पहाटेचा गारठा वाढू लागला की माझ्या दवाखान्यात सत्तरीपुढच्या रुग्णांची एक ठरलेली तक्रार सुरू होते. पिंडऱ्या, कंबर आणि पाठ खाजते. रात्री अधिक खाजते. डोळ्याला डोळा लागत नाही. सोबत आलेली सून किंवा मुलगी हळूच पुस्ती जोडते, "खाजवून खाजवून रक्त काढतात, डॉक्टर." परभणीची हवाच तशी आहे. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो आणि एखाद्या हिवाळ्यात पाच अंशांच्याही खाली उतरतो. दोन्ही ऋतूंत हवा कोरडी. वयोमानाने त्वचेखालच्या तेलग्रंथी मंदावलेल्या असतात, वरचा थर पातळ झालेला असतो आणि त्यातला ओलावा लवकर उडून जातो. त्यात आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना बंबातले कढत पाणी, भरपूर साबण आणि वजरीने घासणे यांखेरीज अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. त्वचेवर जे थोडे स्नेहद्रव्य उरलेले असते, तेही मोरीत वाहून जाते.

यावर पूर्वी घरोघरी तेल असे. आता घरोघरी मोबाइल आहे आणि त्यावर दर आठवड्याला नवा लेप अवतरतो. गेली काही वर्षे त्यांत अ‍ॅव्होकॅडोचा मान मोठा आहे. हे फळ मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. कुळाने ते दालचिनी आणि तमालपत्राचे नातलग. आपल्या देशात कूर्ग, निलगिरी अशा थंड डोंगराळ भागांत ते होते आणि तिकडे 'बटर फ्रूट' म्हणून ओळखले जाते. आमच्याकडे ते बहुधा पुण्या-मुंबईहून येणाऱ्या लेकी-नातवंडांच्या पिशवीतून येते.

असेच ते एका निवृत्त शिक्षकांच्या घरी येत होते. वय ७६, पंचवीस वर्षांचा मधुमेह, स्वभाव मिस्कील. खाज सुटली म्हणून नातीने अ‍ॅव्होकॅडोचा गर, दही आणि मध यांचा लेप शिकवला. सूनबाई रोज सायंकाळी तो गुरुजींच्या पायांना लावीत आणि उरलेला गर वाया जाऊ नये म्हणून गुरुजी तो पोळीबरोबर खात. बिया त्यांनी पाण्याच्या पेल्यांत रुजत घातल्या. चार महिने असे चालले. "लेपानं थोडा वेळ गार वाटतंय साहेब, पण रातभर खाज सुटायलीच की," असे म्हणत ते माझ्यासमोर बसले, तेव्हा अंगावर नखांचे ओरखडे होते. पुरळ मात्र कोठेच नव्हते. पायांवर किंचित सूज होती. रक्त तपासले तर क्रिएटिनिन ४.८ आणि पोटॅशियम ५.९. खाज त्वचेची नव्हतीच. ती मूत्रपिंडांची होती.

त्यांना त्याच दिवशी नांदेडला मूत्रपिंडतज्ज्ञांकडे धाडले. घरच्यांना पहिली गोष्ट सांगितली ती अ‍ॅव्होकॅडो खाणे बंद करण्याची. त्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ४८५ मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे केळ्यापेक्षाही अधिक. निरोगी माणसाला त्याचा त्रास नाही, उलट फळ गुणाचेच आहे. पण मूत्रपिंडे थकलेली असतील तर हेच पोटॅशियम रक्तात साचते आणि हृदयाची लय बिघडवू शकते. सूनबाईंचे डोळे भरून आले. त्यांना मी सांगितले ते येथेही सांगतो: लेपाने मूत्रपिंडे बिघडली नाहीत. बिघाड मधुमेहामुळे कित्येक वर्षे चालू होता. लेपाने घडले ते एवढेच की तपासणी चार महिने लांबली.

म्हणून वाचकहो, पुरळ नसताना सर्वांगाला सुटलेली आणि दोन-तीन आठवड्यांच्या तेलपाण्याने न शमणारी खाज ही तपासून घेण्याची गोष्ट आहे. मधुमेह, मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड, रक्तक्षय यांपैकी काहीही तिच्यामागे असू शकते. एखादे नवे औषधही असू शकते. घरातल्या दोघा-तिघांना एकदम खाज सुटली असेल आणि बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड असतील, तर खरजेचा विचार आधी करावा. अशा वेळी सर्व घराने एकाच दिवशी औषध लावल्याखेरीज ती जात नाही.

तपासणीत काही निघाले नाही आणि नुसता कोरडेपणाच असेल, तर घरगुती उपायांना माझी हरकत नाही. मात्र त्यासाठी परदेशी फळाची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही. आपला जिल्हा करडईचा. येथील कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले, आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते, आणि त्याने दिलेले करडईचे एक वाण 'परभणी कुसुम' या नावाने शेतकऱ्यांना ठाऊक आहे. रब्बीत काळ्या रानाच्या ओलीवर येणारे हे काटेरी पीक. त्याच्या नेहमीच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते. त्वचेचा वरचा थर सांधून धरणाऱ्या स्निग्ध पदार्थांना नेमके हेच आम्ल लागते. अ‍ॅव्होकॅडो आणि ऑलिव्ह यांच्या तेलांत ओलेइक आम्ल अधिक. ते त्वचेत लवकर मुरते खरे, परंतु कोरड्या त्वचेचा बांध ते काहीसा सैल करते. घाण्याचे करडईचे तेल लहान बाटलीत आणावे, कारण ते लवकर खवट होते. कोमट पाण्याने आणि बेताच्या साबणाने अंघोळ करावी, अंग टिपून घ्यावे आणि ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत तेलाचा पातळ हात फिरवावा. साधे पेट्रोलियम जेलीही तितकेच उपयोगी आणि स्वस्त आहे. त्याला कोणी 'नैसर्गिक' म्हणणार नाही, पण माझी पसंती पुष्कळदा त्यालाच असते.

तेल अंघोळीआधी मोरीत उभ्याने लावू नये. घसरून खुब्याचे हाड मोडलेले वृद्ध मी दर वर्षी पाहतो. बाजेवर किंवा खुर्चीवर बसवून लावावे, तळपायांना लावल्यास मोजे घालावेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचेवर लाली दिसली तर तेथे चोळू नये. चोळण्याने आतली इजा वाढते. दर दोन तासांनी कूस बदलणे, हाच तेथला उपाय.

कोरफड कापली की निघणारा पिवळा चीक निथळू द्यावा, तो झोंबतो. मग आतला पारदर्शक गर घ्यावा. लिंबू, खाण्याचा सोडा आणि लसूण वृद्धांच्या कातडीला लावू नयेत. आणि बिब्बा! आमच्या मराठवाड्यात दुखऱ्या गुडघ्यावर बिब्बा घालणारे जाणते अजून भेटतात आणि त्यानंतर भाजल्यासारखे फोड घेऊन रुग्ण माझ्याकडे येतात. मधुमेह्यांत ते फोड महिनोन्‌महिने भरत नाहीत. कोणताही नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूस चिमूटभर लावून दोन दिवस पाहावा. ज्यांना रबराच्या हातमोज्यांची अ‍ॅलर्जी आहे, त्यांना अ‍ॅव्होकॅडोचीही असू शकते. घरी केलेला ओला लेप उद्यासाठी ठेवू नये.

बी रुजवण्याचा नाद मात्र जरूर करावा. वृद्धांच्या हातांना तो चांगला विरंगुळा आहे. बी धुऊन, रुंद बाजू खाली ठेवून, अर्धे पाण्यात राहील असे तीन काड्यांवर तोलावे आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. चार ते आठ आठवड्यांत ते दुभंगते, खाली मूळ आणि वर कोंब येतो. पुढे ते कुंडीत लावावे. आमची काळी चिकण माती त्याला सोसत नाही, पाणी साचले की मुळे कुजतात. म्हणून वाळू आणि शेणखत मिसळून घ्यावे आणि उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली ठेवावे. फळाची अपेक्षा धरू नये. बियांपासूनच्या झाडाला फळ यायला पाच ते दहा वर्षे, कधी अधिकही लागतात आणि ते मूळ फळासारखे निघेलच असे नाही. बागायतदार कलमेच लावतात.

गुरुजींना मी हे सगळे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मला कुठं खायचंय साहेब? तुम्हीच बंद केलंय." त्यांच्या तीन रोपांपैकी दोन मे महिन्याच्या झळांनी गेली. तिसरे गुडघाभर झाले आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाण्यापूर्वी ते त्याला तांब्याभर पाणी घालतात; स्वतःला दिवसाला किती पाणी प्यायचे, याचा हिशेब सूनबाईंच्या वहीत असतो. खाज पूर्ण गेलेली नाही, पण झोप लागते.